पाण्याखालचा दिवा : कामाच्या नोंदी

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पंप सुरू करायला गेले तर पोहण्याच्या पूलचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) पडलेला. उचलला, पाच मिनिटं टिकला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा उचलायला हात गेला होता, पण आवरला. हा ३० मिलिअँपिअरचा आहे. तो पडतो म्हणजे फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येत नाहीये, मधेच कुठेतरी जमिनीत जिरतोय. त्याला पुन्हा पुन्हा उचलत राहणं म्हणजे कुत्रा का भुंकतोय ते न बघता कुत्र्यालाच दटावणं.

त्याच्याखाली तीन एमसीबी (एकेक लाइन वेगळी तोडणारे स्विच) आहेत : पंप, दिवा आणि पंपखोलीतला एक प्लग. तिन्ही पाडले, आरसीसीबी उचलला, मग एकेक चढवला. पंप ठीक. प्लग ठीक. दिव्याचा चढवला आणि दहा-बारा सेकंदांत खटका.

गंमत अशी की दिव्याचं बटण तेव्हा बंद होतं. बटण बंद असताना दिव्याची लाइन आरसीसीबी पाडते कशी? हे कोडं कागदावर लिहून ठेवलं आहे.

दिव्याचं लक्षण आठवडाभर ठीक नव्हतंच. संध्याकाळी लावला की आधी पिवळट, मग थरथरणारा. काल काठावर पालथी पडून नीट पाहिलं तर काचेच्या आत एक आडवी रेघ दिसली, बाटलीतल्या पाण्याची दिसते तशी. म्हणजे दिव्याच्या पोटात पाणी आहे.

दिव्याचा एमसीबी पाडून त्यावर चिकटपट्टी लावली. पूल बंद. आई रोज संध्याकाळी गुडघ्यांसाठी पाण्यात चालते, तिचं म्हणणं, "दिवा बंदच आहे ना? मग मी उजेडातच जाऊन येते." नाही म्हटलं. जमिनीवर दहा-पंधरा मिलिअँपिअरचा करंट हाताचे स्नायू आखडून टाकतो. माणूस ओरडतो, कोणी तरी धावतं. पाण्यात तेवढ्यानेच हातपाय चालेनासे होतात आणि पोहणारा शांतपणे खाली जातो, बघणाऱ्याला कळतही नाही. शिवाय भिजलेल्या कातडीचा अडथळा कोरड्या कातडीच्या कितीतरी कमी. दोष कुठे आहे हे माहीत नसताना पाण्यात कोणी उतरायचं नाही, एवढा एक नियम आज केला.

२ फेब्रुवारी, रविवार

काहीही न उघडता नुसता नकाशा काढला. डोळे, मीटरपट्टी आणि कागद.

दिवा भिंतीतल्या गोल कोनाड्यात बसवलेला आहे. काचेची वरची कड पाण्याच्या पातळीखाली ४५ सेंटिमीटर. कोनाडा मुद्दाम पाण्याने भरलेलाच असतो. जुन्या ३०० वॉटच्या दिव्याची उष्णता ते पाणीच ओढून घेतं, म्हणून असे दिवे बाहेर काढून कोरडे पेटवायचे नसतात, काच तडकते. कोनाड्याच्या मागून पाइप निघतो आणि जमिनीखालून भिंतीवरच्या एका पत्र्याच्या पेटीत जातो. त्या पाइपातही पाणी असणारच, पूलच्या पातळीइतकं. म्हणूनच पेटी पातळीच्या वर हवी, नाहीतर पाणी तारेच्या सोबतीने तिच्यात येईल. आपली पेटी ४० सेंटिमीटर वर आहे. तेवढं कोणीतरी बरोबर केलं होतं.

पेटीवरची पाटी : २३०/१२ व्होल्ट, ३०० व्हीए. म्हणजे ट्रान्सफॉर्मर पेटीतच आहे आणि पाण्याखाली १२ व्होल्टच जातात. हे वाचून जरा बरं वाटलं.

मग अंतर मोजलं आणि ते बरं वाटणं ओसरलं. काठापासून पेटी दीड मीटर. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय वायरिंगच्या मानकात पूलसाठी स्वतंत्र भाग आहे, ७०२ क्रमांकाचा. त्यात पाणी म्हणजे शून्य विभाग, काठापासून २ मीटरपर्यंत पहिला, पुढचा दीड मीटर दुसरा. पाण्यात जास्तीत जास्त १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी, आणि ते देणारा ट्रान्सफॉर्मर तिन्ही विभागांच्या बाहेर. दुसऱ्या विभागात ठेवायचाच झाला तर त्याच्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचं संरक्षण हवं. आमचा पहिल्या विभागात बसलेला. ओल्या अंगाने काठावर बसलेल्या माणसाचा हात पोहोचणार नाही, पण ओला टॉवेल झटकला तर शिंतोडे नक्की पोहोचतील. २३० व्होल्टची पेटी तिथे नको.

काय मी करायचं आणि काय नाही, तेही आजच ठरवलं. २३० व्होल्टच्या बाजूचा एकही स्क्रू मी उघडणार नाही, ते परवानाधारक वायरमनचं काम. पाण्याच्या बाजूचं काम माझं, पण तेही वायरमनने लाइन मेलेली असल्याचं दाखवल्यानंतरच.

५ फेब्रुवारी

वायरमन शनिवारी येणार. आईने पाचव्या दिवशीही विचारलं.

तोवर एक शंका तपासून घेतली. महिनाभर पूलमध्ये जरा जास्तच पाणी भरावं लागतंय. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली, बादलीत आणि पूलच्या टाइलवर पेन्सिलने खूण केली. चोवीस तासांत बादलीतलं ४ मिलिमीटर उतरलं, पूलचं ९. उन्हाने उडालेलं दोन्हीकडे सारखंच. उरलेले ५ मिलिमीटर कुठेतरी गळतायत. दिव्याच्या पाइपावर संशय आहे, पण आज नुसता संशयच.

८ फेब्रुवारी, शनिवार

वायरमन आले. साठीच्या आसपासचे, बोलणं कमी. खिशात नेहमीचा स्क्रूड्रायव्हरवाला टेस्टर दिसला म्हणून मी त्याकडे पाहिलं, तर म्हणाले, "ताई, हा फक्त खिसा सांभाळायला. मोजायचं ते याने," आणि दोन टोकांचा टेस्टर काढला.

त्यांनी माझं कोडं ऐकलं आणि एमसीबी बंद करण्याऐवजी आधी मुद्दाम चालू केला. बटण बंद. हातमोजे घालून पेटी उघडली आणि आरसीसीबी पडायच्या आत ट्रान्सफॉर्मरच्या येणाऱ्या दोन तारांवर टेस्टर टेकवला.

दोन्ही तारांमध्ये : शून्य.

माझ्यासारख्या माणसाने इथेच "लाइन बंद आहे" म्हणून बोट घातलं असतं. त्यांनी एक टोक अर्थला, म्हणजे जमिनीला जोडलेल्या तारेला, लावलं.

पहिली तार ते अर्थ : २३१ व्होल्ट.
दुसरी तार ते अर्थ : २३१ व्होल्ट.

बटण न्यूट्रलवर होतं! दिवा विझायचा, कारण परतीची वाट तुटायची. पण फेज सरळ ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचलेला असायचा आणि गुंडाळीतून जाऊन दुसऱ्या तारेलाही तितकाच जिवंत करायचा. दोन्ही टोकं सारख्याच दाबावर, म्हणून त्यांच्यात फरक शून्य. इतकी वर्षं आम्ही "दिवा बंद केला" म्हणत होतो तेव्हा काठापासून दीड मीटरवर दोन जिवंत तारा बसलेल्या होत्या. कोडंही सुटलं : बटण बंद असलं तरी फेज पेटीत होताच, आणि गळत होता तो तिथूनच.

मग खरं बंद. एमसीबी पाडला, त्यावर अडकवायची क्लिप बसवली, क्लिपला कुलूप, कुलपाला पाटी : "पूलमध्ये माणूस आहे. चालू करू नये." एमसीबी एकपोली आहे, नुसता फेज तोडतो, म्हणून न्यूट्रलही पट्टीवरून काढून टोक बंद केलं. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो जिवंत दाखवतोय ना ते पाहिलं. मग पेटीत तिन्ही जोड्या मोजल्या : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. तिन्ही शून्य. मग टेस्टर पुन्हा त्या चालू प्लगवर. तो मधेच मेला असता तर "शून्य" खोटंच निघालं असतं. हा शेवटचा प्लग मला एकटीला कधी सुचला नसता.

आता पेटीत नीट डोकावले. तळाशी मुंग्यांनी मातीचं घर केलेलं, ती माती ओली, आणि जोडपट्टीवर पांढऱ्या क्षाराची साय. मागच्या आठवड्यात फरशी नळीने धुतली होती, ते पाणी गंजलेल्या कडेतून आत गेलं असणार. वायरमननी ट्रान्सफॉर्मर सोडवून जोडपट्टी आणि पेटीच्या पत्र्यात ५०० व्होल्टचा मेगर (करंट कुठे गळतोय का ते अडथळा मोजून सांगणारं यंत्र) लावला. निदान १ मेगाओम हवा, आला ०.०१. म्हणजे दहा हजार ओम. २३० भागिले १०,००० म्हणजे २३ मिलिअँपिअर. ३० चा आरसीसीबी १५ ते ३० मध्ये कुठेही पडू शकतो. हिशेब जुळला.

एक गोष्ट मात्र उलटी निघाली. मी समजत होते की पाणी शिरलेला दिवा आरसीसीबी पाडतोय. तसं होऊच शकत नाही. विलगीकरण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काय गळतंय ते अलीकडच्या आरसीसीबीला दिसतच नाही. दोन गुंडाळ्यांमध्ये तारेचा संबंधच नसतो. म्हणजे बिघाड दोन होते, वेगवेगळे, आणि पडणाऱ्या आरसीसीबीने मला दुसऱ्याकडे बघायला लावलं एवढंच. दिव्यातल्या पाण्याबद्दल तो जन्मात ओरडला नसता. या बाजूचं संरक्षण म्हणजे कमी व्होल्टेज आणि ते वेगळेपण, बस.

म्हणून ते वेगळेपण खरंच आहे का तेही तपासलं. येणारी आणि जाणारी गुंडाळी यांच्यात मेगर : २०० मेगाओमच्या वर. दिसायला सारखे पण आतून एकच गुंडाळी असलेले ट्रान्सफॉर्मरही मिळतात, ते १२ व्होल्ट देतील पण फेजला पाण्यापासून वेगळं ठेवणार नाहीत. आपला तसा नाही. जाणाऱ्या बाजूची कुठलीही तार अर्थला जोडलेली नाही ना, तेही पाहिलं, नव्हती.

शिडी आणि कठड्याचा धातू, पंपाचं अंग, हे सगळं एका तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधलेलं आहे का, याची चाचणी : शिडी ते पंप ०.२ ओम. ठीक.

निर्णय : पत्र्याची पेटी जाणार, तिथे प्लास्टिकची बंद जॉइंट पेटी, जिच्यात फक्त १२ व्होल्ट. नवा ट्रान्सफॉर्मर पंपखोलीत, काठापासून सव्वाचार मीटरवर. बटण दोन्ही तारा तोडणारं.

कुलपाची किल्ली एकच. ती माझ्याकडे.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवा काढला. पाणी उपसायची गरज पडत नाही. कोनाड्यात केबलची वेटोळी ठेवलेली असतात ती याचसाठी, दिवा काठावर येईल इतकी.

दिवा वरच्या बाजूला एकाच स्क्रूने धरलेला असतो, खाली नुसती जीभ अडकवलेली. काठावर पालथी पडले, उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात. स्क्रूच्या डोक्यात चुन्याचा थर, पाना बसेना. आधी टूथब्रशने खरवडलं. दुसऱ्या प्रयत्नात स्क्रूड्रायव्हर हातातून सुटून तळाला गेला, तो जाळीने काढेपर्यंत अर्धा तास. त्यानंतर त्याला सुतळी बांधून मनगटाला अडकवला. हे आधीच सुचायला हवं होतं. जोर लावला नाही, किंचित आवळून मग सैल, पुन्हा आवळून सैल, असं करत चौथ्या फेरीला तो "कुर्र" करून निघाला. वरची कड पुढे ओढली, मग दिवा वर उचलून जीभ सोडवली. वेटोळी सुटली, दीड मीटर.

काठावर टॉवेलवर ठेवून उघडला. आत तिसरा हिस्सा तपकिरी पाणी. परावर्तकाचा आरसा काळवंडलेला, तारेची टोकं हिरवी, हाताने मोडली तर भुगा. रबराचं गॅस्केट लाकडासारखं कडक आणि एका जागी चपटं. त्याच जागी काचेवर पाणी शिरल्याचा डाग. मागच्या वेळी ज्यांनी दिवा उघडला त्यांनी जुनंच गॅस्केट परत बसवलं असावं. आत पेट्रोलियम जेलीचा चिकट थरही सापडला. बऱ्याच प्रकारचं रबर तिने फुगतं, इथे सिलिकॉन ग्रीस हवं होतं.

मग केबल. पेटीच्या बाजूने सोडवली, टोकाला नायलॉनची दोरी बांधली आणि पूलच्या बाजूने ओढायला लागलो, म्हणजे केबलच्या मागोमाग दोरी पाइपात येऊन राहील. मी ओढतेय, भाऊ पेटीपाशी दोरी सोडतोय. मीटरभर आली आणि अडकली. "ओढ जोरात," तो तिकडून. नको. दोरी तुटली तर आठ मीटर पाइपात पुन्हा वाट काढायला लागेल. त्याला दोरी ताणून धरायला सांगितली, मी केबल एक वीत आत ढकलली, फिरवली, पुन्हा ओढली. साबणाचं पाणी पाइपात सोडलं. तेल नाही, ते केबलच्या रबराला खातं आणि शेवटी पूलमध्येच येतं.

अडथळा बाहेर आला तेव्हा दोघंही गप्प झालो. पाइपाच्या मधोमध, कायम पाण्यात, केबलला जोड. दोन तारा पिळून त्यावर काळी टेप. टेपचा डिंक केव्हाच विरघळलेला, पट्टी सालीसारखी सुटून आली. आत हिरवं तांबं. वेटोळी अपुरी पडली म्हणून कोणीतरी कधीतरी तुकडा वाढवला होता आणि पाइपात ढकलून दिला होता. १२ व्होल्ट होते म्हणून निभावलं, असंच म्हणायचं. त्या जोडावर ओलाव्याने वाढलेल्या अडथळ्यामुळेच दिवा पिवळट आणि थरथरता होता. पाण्याखाली जोड नाही. जोड फक्त पेटीत, पातळीच्या वर.

दोरी पाइपात राहिली आहे. दोन्ही टोकं बाहेर बांधून ठेवली.

१२ फेब्रुवारी

कोनाडा मोजून नवा दिवा मागवला. व्यास, खोली, स्क्रूचं छिद्र ते खालच्या जिभेचं अंतर. हे न मोजता मागवलेला दिवा परत पाठवावा लागतो, कारण प्रत्येक कोनाड्याचं छिद्र निराळं.

सोपा मार्ग होता : जुन्या डब्यात पार-५६ मापाचा, १७८ मिलिमीटर व्यासाचा एलईडी बल्ब बसवायचा आणि नवं गॅस्केट घालायचं. पण डब्यात पोकळी राहते, आणि पोकळी म्हटली की कधी ना कधी पाणी. त्यापेक्षा आतून पूर्ण रेझिन भरलेला, केबल कारखान्यातच जोडून आलेला दिवा घेतला. उघडताच येत नाही, म्हणून चुकीचं बंद करताही येत नाही. खराब झाला तर अख्खा बदलायचा. केबल १२ मीटर मागितली, पाइपाला आठ लागेल, वेटोळ्याला दीड, उरलेली पेटीत छाटता येईल.

२४ वॉट, १२ व्होल्ट एसी. जुना ३०० वॉटचा १२ व्होल्टवर २५ अँपिअर खायचा, आणि तेवढा करंट आठ मीटर लांबीच्या ४ चौरस मिलिमीटर तांब्यातून जाताना वाटेतच पावणेदोन व्होल्ट गिळायचा. म्हणून जुन्या ट्रान्सफॉर्मरला १२, १३, १४ अशी तीन टोकं होती आणि तार १४ वर होती. एलईडी दोन-अडीच अँपिअरच घेतो, वाटेत फार काही पडत नाही. त्याच १४ च्या टोकाला तो जोडला असता तर बिचारा रोज जास्तीचे व्होल्ट सोसत लवकर मेला असता, आणि आम्ही एलईडीला शिव्या दिल्या असत्या.

ट्रान्सफॉर्मर १०० व्हीए, गोल गुंडाळीचा, आयईसी ६१५५८ प्रमाणे सुरक्षा विलगीकरणाचा. हॅलोजनसाठीचे हलके इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर टाळले. त्यांना किमान भार लागतो, एलईडीचा तेवढा भरत नाही आणि दिवा लुकलुकत राहतो.

रंग विचारला होता. "पांढरा" लिहून टाकलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वायरमननी सकाळी पंपखोलीत ट्रान्सफॉर्मर, दोन पोलांचं बटण आणि तिथून नव्या पेटीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची केबल टाकून घेतली. पुरवठा अजून जोडलेला नाही, कुलूप जागेवर.

केबल ओढायची म्हणजे कोनाड्यापाशी कोणीतरी पाण्यात हवं. ती मी. प्रश्न आला किल्लीचा : पोहायच्या कपड्यांना खिसा नसतो. शेवटी किल्ली आईच्या कमरेला. ती काठावर खुर्ची टाकून बसली आणि बसल्या जागेवरून तिने कोणालाही पंपखोलीकडे फिरकू दिलं नाही. वायरमन पक्कड आणायला निघाले तर त्यांनाही, "कशाला?"

नव्या केबलचं टोक उष्णतेने आवळणाऱ्या नळीने आधीच बंद केलं. हे महत्त्वाचं. तारेचं उघडं टोक पाइपातल्या पाण्यात बुडालं तर तंतूंमधून पाणी वर चढतं, वातीत तेल चढतं तसं, आणि पुढे महिनोन् महिने आतून तांबं खात बसतं. दोरी टोकाला बांधली, वर टेप निमुळती गुंडाळली म्हणजे पाइपाच्या सांध्यात धस लागणार नाही. मास्क लावून मी खाली केबल सरळ धरून आत सरकवायची, वायरमन वरून ओढणार. पाण्याखालून बोलता येत नाही म्हणून ठरवलं : दोरीला एक झटका म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा. पहिल्याच झटक्याला गडबड झाली, मी खोकल्यामुळे हात हलवला आणि त्यांनी पाच मिनिटं ओढणं थांबवलं. तरी वीस मिनिटांत टोक पेटीत.

कोनाड्याच्या मागे पाइपाचं तोंड. तिथे जुनी पुट्टी अर्धी होती, अर्धी गायब, आणि उरलेल्या भागाशेजारी केबलभोवती करंगळी जाईल एवढी फट. रोजचे ५ मिलिमीटर इथून जात असावेत. जुनी पुट्टी लाकडी काडीने काढली, पाइप प्लास्टिकचा आहे, लोखंडाने ओरखडला असता. नवी, पाण्याखाली घट्ट होणारी पुट्टी काठावर मळून घेतली, दोन रंग मिसळून एक होईपर्यंत, मग श्वास धरून खाली जाऊन केबलभोवती दाबली. एका श्वासात होत नाही. सहा डुबक्या लागल्या. चौथ्या डुबकीला अर्धा गोळा हातातून सुटून तळाला गेला, तो उचलून काठावर आईच्या पायाशी ठेवला. तिने उचलून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

पेटीतला जोड वायरमननी केला : टोकांना फेरूल (तारेच्या टोकाची धातूची टोपी), दाबून बसवलेली जोडपट्टी, केबलभोवती ग्लँड (पाणी अडवणारी चकती) आवळलेला, आणि पेटीत जेल भरली. मेगर दोन वेळा. २३० च्या बाजूला ५०० व्होल्टवर : २०० मेगाओमच्या वर. १२ च्या बाजूला २५० व्होल्टवर, दिवा न जोडता : तेवढंच. इथे निदान अर्धा मेगाओम लागतो. दिवा जोडून मेगर लावायचा नाही, आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारं सर्किट) जातो.

२३ फेब्रुवारी, रविवार

केबलची दोन वेटोळी दिव्याच्या मागे गुंडाळली, खालची जीभ अडकवली, वरचा स्क्रू नवा, स्टेनलेसचा. तो हाताने चार आटे फिरवला आणि मगच पाना लावला, वाकडा शिरला तर कोनाड्याचे आटे जातात. या वेळी स्क्रूड्रायव्हर मनगटाला बांधलेला होता, म्हणून अर्थातच पडला नाही.

सगळे पाण्याबाहेर. आईने किल्ली दिली. कुलूप काढलं, न्यूट्रल जोडला, आरसीसीबीचं चाचणीचं बटण दाबलं : पडला. वायरमनच्या यंत्राने ३० मिलिअँपिअरवर वेळ मोजली, २८ मिलिसेकंद. मर्यादा ३०० ची. बटण बंद ठेवून ट्रान्सफॉर्मरवर पुन्हा त्या तीन जोड्या मोजल्या. तिन्ही शून्य. हा आकडा बघायला तीन आठवडे थांबले होते.

बटण चालू. जॉइंट पेटीत १२.३ व्होल्ट.

दिवा लागला आणि लगेच कडेने बुडबुडे आले. पोटात गोळा. वायरमन म्हणाले, "थांबा ताई, कोनाड्यातली हवा आहे ती." दोन-तीन मिनिटांत कमी कमी होत थांबले. थांबले नसते, किंवा काचेच्या कडेवरून एकसारखी माळ येत राहिली असती, तर दिवा परत बाहेर. तासाभराने पाहिलं, एकही नाही. रेझिनवाल्यातून हवा यायला जागाच नाही, पण बघून खात्री झाली.

रात्रभर दिवा चालू ठेवला, पाण्यात कोणी नाही. सकाळी आरसीसीबी जागेवर.

१ मार्च, शनिवार

बादली पुन्हा पायरीवर. बादली ४, पूल ४.

पंपखोलीत कागद चिकटवला : मेगरचे आकडे, ट्रान्सफॉर्मरचं टोक, केबलचा मार्ग, पाइपात जोड नाही असं ठळक, आणि आरसीसीबीचं चाचणीचं बटण दर महिन्याच्या १ तारखेला. आजचं दाबून झालं.

संध्याकाळी आई पाण्यात उतरली. दिवा लावला. जुन्या पिवळ्या उजेडात जी टाइल हिरवी वाटायची ती निळी आहे हे आज कळलं, आणि एका कोपऱ्यातली भेगही. आई मध्यावर जाऊन थांबली, खाली पायांकडे पाहिलं.

"दवाखान्यात उभी आहे असं वाटतंय."

ऑर्डरमध्ये "पांढरा" लिहिलं होतं तो ६५०० केल्विन, म्हणजे निळसर गार उजेडाचा, निघाला. पिवळसर उबदार ३००० चाही मिळत होता. हा दिवा उघडत नाही, बल्ब बदलता येत नाही, ते कारण मीच १२ तारखेला मोठ्या अभिमानाने लिहून ठेवलं आहे.

आई म्हणाली, राहू दे. निदान पाय दिसतायत.